बोटांखालचं हलणं

जरा कल्पना करा. तुमच्याकडे एक सायकल आहे, आणि तिच्या हँडलचा बोल्ट ढिला झालाय. तुम्ही हँडल डावीकडे वळवता, पण चाक लगेच वळत नाही. ते क्षणभर सरळच जात राहतं, तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलंच नसल्यासारखं, आणि मग एकदम वळतं, हवं होतं त्याहून जास्त. तुम्ही घाबरून उजवीकडे वळवता. तिकडेही तेच. गल्लीच्या टोकाला पोचून मागे पाहिलंत तर धुळीत तुमच्या चाकाची रेघ सापासारखी वळवळत आलेली दिसेल. आता ती सायकल भिंतीला टेकवून ठेवा आणि तिच्या जागी जुना ट्रॅक्टर आणा. मागे उसाने भरलेली ट्रॉली, समोरून एसटी. हात वळलाय पण चाक अजून वळलेलं नाही, त्या मधल्या रिकाम्या क्षणाला गॅरेजमध्ये प्ले म्हणतात. आणि एवढं मनात धरलंत की आणखी एक गोष्ट धरा: तो रिकामा क्षण बोटांनी शोधून काढणं हेच तुमचं काम आहे, जन्मभर तुम्ही तेच करत आलात, लोक त्यासाठी लांबून येतात, आणि हळूहळू, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही अशा बेताने, तुमच्या बोटांना काही लागेनासं होतं. शहाद्याच्या शकील मिस्तरीचं तसं झालं होतं. आणि त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी तो गॅरेजच्या दारात हात धूत होता. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण. काम संपल्याचा हा वास त्याला आवडायचा. आणि हे काम साधं नव्हतं. हिलाल आप्पांचा तो लाल, आता गुलाबी पडलेला ट्रॅक्टर पुढून पूर्ण उघडून, प्रत्येक सांधा नव्याने बसवून, जेवणाच्या आधीच त्याने तो रस्त्याला लावला होता. हिलाल आप्पा सारंगखेड्याच्या बाजूचे, तापीकाठच्या केळीवाल्या शेतकऱ्यांपैकी. त्यांच्या मुलाने, ललितने, नवा पॉवर स्टेअरिंगवाला ट्रॅक्टर बघून ठेवला होता आणि आप्पा त्याच्याशी महिनोन्‌महिने भांडत होते. शकीलने साबण चोळला, आणि चोळताचोळता त्याचे हात थांबले. एसटी स्टँडकडच्या गर्दीतून, हॉर्न आणि रिक्षांच्या खालून, एक ठोका येत होता. तीन नीट ठोके आणि चौथा किंचित उशिरा, लंगडणाऱ्या माणसासारखा. हे इंजिन त्याने तासाभरापूर्वी जाताना ऐकलं होतं. तेच इंजिन परत येत होतं.  फेस हातावर तसाच राहिला, आणि त्याच्या मनात पहिला विचार ट्रॅक्टरचा आलाच नाही, बोटांचा आला. म्हणजे शेवटी काम चुकलंच.

कधी सुरू झालं होतं ते? कदाचित रंजनाबाईच्या टपरीवर. स्टँडसमोर तिची चहाची टपरी. तिथे एका सकाळी तो उकळता पेला चारी बोटांनी कवटाळून कुणाशी तरी बोलत उभा होता आणि रंजनाबाई म्हणाली होती, मिस्तरी, हात भाजीन ना. त्याने पेल्याकडे पाहिलं. वाफ येत होती. बाकावरचे दोघे हसले, लोखंडात राहून हात लोखंडाचे झाले म्हणाले, आणि तोही हसला, उलट पेला आणखी घट्ट धरला, शर्यत जिंकल्यासारखा. रात्री बोटांच्या टोकांवर पाण्याने भरलेले फोड होते. मग डॉक्टर, मग रक्त काढणं. शुगर वाढलीय, म्हणून नसा मरतात, पायाच्या आधी हाताच्या मेल्या हे जरा वेगळं आहे, असं डॉक्टरने कागदावर लिहितालिहिता सांगितलं. घरी त्याने बायकोला, अख्तरबानोला, अर्धीच गोष्ट सांगितली: चहात साखर टाकू नकोस. ती बिचारी तेवढ्यानेच घाबरली आणि घरातला गूळसुद्धा तिने वरच्या फळीवर ठेवला. उरलेली अर्धी त्याने गॅरेजमध्ये ठेवली, पान्यांच्या पेटीच्या बाजूला, आणि रोज तिच्याभोवतीने काम करायला शिकला. नट हरवला तर डोळ्यांनी शोधायचा. ग्रीस भरताना बाहेर आलेलं ग्रीस बघायचं. आणि प्ले शोधायला कान वापरायचे: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सांध्यावर, मूठ गालाच्या हाडावर, आणि कुणालातरी स्टेअरिंग हलवायला सांगायचं. ढिला सांधा टिक करतो. हिलाल आप्पांच्या ट्रॅक्टरवर त्याने तसंच केलं होतं. टिक बंद होईपर्यंत काम केलं होतं. पण प्रत्येक ढिला सांधा बोलतोच असं नाही. ग्रीसने गच्च भरलेला सांधा ढिला असूनही गप्प बसतो. हे त्याला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि म्हणून हात धूत असतानासुद्धा त्याच्या आत कुठेतरी तो लंगडा ठोका ऐकू येण्याची वाटच बघणं चाललं होतं.

तो ठोका ऐकतानाच त्याने ठरवून टाकलं. हे काम चुकलं असेल तर यापुढे पाना धरायचा नाही. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्याकडेला उभी राहते, चार शिव्या पडतात, संपलं. पण स्टेअरिंग ही उभं राहणारी वस्तू नाही, ती चालता चालता दगा देते. हे त्याला मजीद उस्तादाने शिकवलं, तळोद्याला, जिथे डोंगरातल्या गावांकडे जाणाऱ्या जीपा दुरुस्त व्हायच्या. मजीद उस्ताद फार बोलायचा नाही. शकील तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. उस्तादाने त्याला जीपखाली झोपवलं, त्याची बोटं एका सांध्यावर आडवी ठेवली, अर्धी या दांडीवर, अर्धी त्या दांडीवर, आणि वर जाऊन स्टेअरिंग जरासं हलवलं. विचारलं, काय कळलं? शकील म्हणाला, हललं. उस्ताद म्हणाला, ते आंधळ्यालाही कळेल. दोन्ही बाजू एकदम हलल्या, की एक आधी आणि एक मागून? दिवसभर त्याने त्याला तिथेच झोपवून ठेवलं. संध्याकाळच्या सुमारास, पाठीला खडी रुतलेली, पोटात भूक, अचानक त्याला ते कळलं: बोटाच्या एका पेराखालचं लोखंड हलतंय आणि शेजारच्या पेराखालचं अजून थांबलंय. केसभर उशीर. दोन माणसं हात धरून चाललीत आणि एकाचा पाय किंचित मागे पडतोय, तसं. तो जीपखालून ओरडला होता. त्या आनंदासारखा आनंद त्याला नंतर फार थोड्या वेळा झाला. लग्नात झाला, थोरली सबीहा झाली तेव्हा झाला, आणि फार उशिरा, सगळे आता पुरे म्हणत असताना, धाकटी नमिरा झाली तेव्हा. त्या दिवशी ती जीप उस्तादाने डोंगरात जाऊ दिली नाही. बाजार करून थकलेली माणसं आत बसलेली होती, ड्रायव्हर हातापाया पडत होता, आणि उस्तादाने सांधा काढून खिशात घातला आणि तो नमाजाला निघून गेला.

ट्रॅक्टर गॅरेजसमोर थांबला. हिलाल आप्पा उतरले, टोपी काढली, घाम पुसला. ते रागावलेले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाटचारीच्या पुलावर, ते सांगत होते, गाडी कठड्याकडे गेली, वाचवायला वळवली तर दुसऱ्या कठड्याकडे गेली, समोरचा मोटारसायकलवाला रस्ता सोडून शेतात उतरला. मग ते नेहमीच्या थट्टेवर आले, कारण शकीलशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मिस्तरी, पहिले ती डुलत जाये. आते ती नाची ऱ्हायनी. जत्रामा लई जाऊ का घोडीसमा बांधाले?"

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत नाचऱ्या घोडींमध्ये ट्रॅक्टर बांधायची ही थट्टा ऐकून शकीलने हसायचा प्रयत्न केला. त्याने आप्पांना सावलीत बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः जॅक घेऊन ट्रॅक्टरच्या पुढे बसला. पुढची चाकं जमिनीवरून उचलली. एकेक चाक वरून आणि खालून धरून हलवलं, किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं ती खीळ, घट्ट. तिच्याभोवतीचे नळीसारखे बुश झिजून अंड्यासारखे लांबट झाले होते, ते त्याने लेथवर नवे काढून आणले होते. पुढचा सगळा एक्सल ज्या एका जाड पिनवर झुलतो ती सेंटर पिनही नवी. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टायरॉडची टोकं नवी. लाकडाची पट्टी लावून चाकांमधलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं. पुढून बोटाच्या नखाएवढं कमी, हवं तसं. स्टेअरिंगचा बॉक्स त्याने चाकं सरळ ठेवून कसला होता, कारण ट्रॅक्टर जन्मभर बहुतेक सरळच चालतो आणि बॉक्स आतून तिथेच झिजतो. सगळं बरोबर होतं. डोळ्यांना बरोबर, कानांना बरोबर. मग तो पाठीवर झोपला आणि त्याने उजव्या हाताची बोटं पहिल्या सांध्यावर आडवी ठेवली, उस्तादाने ठेवली होती तशी, आणि डाव्या हाताने दांडी ढकलली. आणि वाट पाहिली. बोटं लोखंडावर होती एवढं त्याला दिसत होतं. दिसत होतं फक्त. जाड कांबळ्यावरून एखाद्याच्या पाठीवर हात ठेवावा तसं. बाकावरून आप्पा बोलतच होते, अलीकडच्या घोड्यांना पूर्वीसारखी मान राहिली नाही, ललितला मात्र नव्या ट्रॅक्टरच्या गादीवर पाठ टेकून बसायचंय, ड्रायव्हर आहे की नवरदेव. शकील खालून हं हं म्हणत होता. त्याला वाटलं, इथेच, या तेलकट अंधारात, कुणी न बघता, आपलं काम संपलंय, आणि बाहेर गेल्यावर फक्त ते सांगायचं उरलंय.

मागच्या दारातून नमिरा आली. गॅरेजच्या मागेच घर, शाळेतून आली की ती दप्तर टाकून आधी इथे डोकावायची. सातवीत होती. तिने वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, हा तर आज दुरुस्त होऊन जाणार होता ना.  शकीलला तिचे बूट दिसत होते, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि मग जमिनीला समांतर झालेला तिचा चेहरा, वेण्या मातीला लागलेल्या. तिच्या चेहऱ्यावर साधा प्रश्न होता. लहान मुलांसमोर खोटं बोलणं सोपं असतं असं लोक म्हणतात; त्याला ते कधी जमलं नव्हतं. तो हळू आवाजात, बाकापर्यंत जाणार नाही अशा बेताने, त्यांच्या घरातल्या भाषेत म्हणाला,

"मेरे उंगलियों को अब मालूम नहीं पडता, बेटा."

 तिने विचारलं, अम्मीला ठाऊक आहे? त्याने मान हलवली, नाही. तिने आपली बोटं फ्रॉकला पुसली, दोन्ही बाजूंनी, जेवायला बसताना पुसावीत तशी, आणि ती सरपटत त्याच्या बाजूला येऊन झोपली. म्हणाली, "मैं बताती." एवढंच. कधीपासून, का, आता काय, यातलं काहीच तिने विचारलं नाही आणि शकीलच्या छातीतला इतक्या दिवसांचा दगड इतक्या सहज हलला की त्याला क्षणभर रागच आला, एवढंच होतं तर आपण कुणासाठी लपवत होतो म्हणून. त्याने तिची बोटं सांध्यावर आडवी ठेवली, अर्धी या दांडीवर, अर्धी त्या दांडीवर. तिला सांगितलं, हललं की नाही ते नको सांगूस, दोन्ही एकदम हलतात की एक मागून येतो, ते सांग. तो बाहेर आला, सीटवर चढला आणि स्टेअरिंग जरासं, अगदी जरासं, इकडेतिकडे हलवू लागला. खालून तिचा आवाज आला: दोन्ही सोबत. दुसरा सांधा. सोबत. तिसरा. सोबत. बाकावर हिलाल आप्पांचं बोलणं थांबलं होतं. ते म्हणाले, वा, आता मिस्तरीण आली तर.

सगळे सांधे सोबत. पण याचा अर्थ काय? शकीलला मजीद उस्तादाच्या जीपखालचा तो लांबलचक दिवस आठवत होता. त्यालाही सकाळी सगळं सोबतच वाटत होतं. ज्याला ढिलं ठाऊक नाही त्याला सगळंच घट्ट लागतं. ती खरं सांगत होती, पण तिच्या बोटांना खरं कळत होतं का? तो खाली उतरला आणि त्याने तिला डोळे मिटून घ्यायला सांगितलं. ड्रॅग लिंकच्या टोकाला, जिथे स्टेअरिंगकडची दांडी चाकाकडच्या दांडीला मिळते, तिथली, नट अडवून धरणारी स्प्लिट पिन त्याने काढली आणि नट पाव फेरा सैल केला. टिकसुद्धा होणार नाही इतका. काय केलं ते तिला सांगितलं नाही. फक्त म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. आणि सीटवर जाऊन बसला. खालून आवाज येऊ लागले. सोबत. सोबत. मग बराच वेळ काही नाही. तो हलवत राहिला.  त्याला कळत होतं की इथे आता ट्रॅक्टरचं काही चाललेलं नाही. खाली मातीत झोपलेल्या एका मुलीच्या बोटांच्या टोकांवर काहीतरी ठरतंय, आणि ते तिला माहीत नाही, आणि माहीत नसणंच बरं.

"अब्बू," खालून आवाज आला, जरा तक्रारीचा, "ये ढीला है. पहले नहीं था."

शकील स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला. आप्पा धावत आले, त्यांना वाटलं चक्कर आली, शुगरची बातमी गावात कुणापासून लपलेली नव्हती. पण तो हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत हसत होता. पाव फेरा. तिला पाव फेरा सापडला होता, आणि नुसता सापडला नव्हता, मघाशी तो नव्हता हेही तिच्या बोटांनी लक्षात ठेवलं होतं. तळोद्याची ती संध्याकाळ, पाठीखालची खडी, ती ओरड, सगळं त्याच्या अंगातून परत गेलं, आणि या वेळी जास्त जोरात, कारण या वेळी ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातांत झालं होतं. त्याने उतरून नट पुन्हा कसला, नवी स्प्लिट पिन घालून पिनेची टोकं वाकवली आणि नमिराला बाहेर यायला सांगितलं. ती पाठीला भुसा आणि कपाळाला ग्रीस लावून बाहेर आली. आणि आता त्याच्यापुढे एक सरळ, स्वच्छ गोष्ट उभी होती: गाडीत कुठेही ढील नाही. ते काम त्याने केलं होतं, मेलेल्या बोटांनी केलं होतं, आणि ते चोख होतं. मग पुलावर काय झालं?

नमिरा पाणी पिताना म्हणाली की तिने आप्पांना येताना पाहिलं होतं, स्टँडच्या वळणावर. त्यांचे हात पंप मारल्यासारखे चालले होते. ती हे अगदी सहज बोलली, आणि तिने पेला खाली ठेवून हवेत करून दाखवलं: दोन मुठी, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, थांबणं नाहीच. आप्पांच्या मिशा ताठ झाल्या. ते म्हणाले, ती अजून जन्मली नव्हती तेव्हापासून ते हा ट्रॅक्टर हाकताहेत.

"मन्हा हातले शिकाडू नको, पोरी."

पण शकीलला दिसलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर आप्पांची ती सगळी वर्षं एकदम आली. ट्रॅक्टर नवा असताना सरळ चालायचा, मग वर्षाला केसभर झिजत गेला, आणि आप्पांचे हातही वर्षाला केसभर शिकत गेले. डावीकडे जायचं तर आधीच वळवायचं, गाडीने ऐकायच्या आधीच परत फिरवायचं, सरळ जायचं तरी दोन्हीकडे देत राहायचं. त्यांना ते कधी कळलंच नसणार, जसं आपण चालताना पाय कसा टाकतो ते आपल्याला कळत नाही. या भागातल्या प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरवाल्याचे हात असेच चालतात. बांधावरून पाहिलं तर वाटतं माणूस चक्कीत काही दळतोय. ट्रॅक्टर इतकी वर्षं सरळ गेला तो लोखंडामुळे गेलाच नव्हता. या म्हाताऱ्याच्या मनगटांनी तो उचलून सरळ नेला होता. आणि आज सकाळी कुणीतरी ती सगळी झीज काढून टाकली, आणि हातांना ते सांगायचं राहून गेलं. रिकाम्या क्षणासाठी दिलेला प्रत्येक फेरा आता थेट चाकापर्यंत पोचत होता. शकीलला आप्पांचा राग आला नाही. त्यांच्या हातांबद्दल त्याला काहीतरी आदरासारखं वाटलं, एका कारागिराला दुसऱ्याबद्दल वाटतं ते. पण हे तोंडाने सांगून पटणार नव्हतं. ज्याचे हात आहेत त्याला हातांविषयी सांगता येत नाही, हे त्याला स्वतःवरून माहीत होतं.

रस्त्यापलीकडे कापसातून सरकी काढणारी जिनिंग मिल होती. हंगाम असला तरी मागचं आवार त्या वेळी मोकळं असायचं, लांबरुंद, सपाट, कडेने रुई उडून बसलेली. वॉचमन ओळखीचा. जॅक काढून, ट्रॅक्टर घेऊन तिघे तिथे गेले. आधी आप्पा बसले. शकील मागे उभा राहून फक्त हात बघत होता. पहिला गियर, हळू. मुठी चालू झाल्या आणि पुढची चाकं त्याबरोबर लटलट करू लागली, मातीत तीच सापाची रेघ. आप्पा स्वतः थांबले. ते खाली उतरले आणि चाकाकडे असं बघत राहिले जसं चाकाने सर्वांसमोर काही अपमान केला आहे. म्हणाले, आता तुम्ही दाखवा मिस्तरी. शकीलने पाऊल पायरीवर ठेवलं आणि काढून घेतलं. त्याच्या बोटांना स्टेअरिंग कळणार नव्हतं, आणि कळलं असतं तरी ते मिस्तरीचे हात होते. आप्पा म्हणाले असते, तुम्ही जादू केली. हात असे हवे होते की ज्यांना कुठलीच सवय नाही.

त्याने नमिराकडे पाहिलं. तिने गॅरेजच्या अंगणात त्याच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर कितीदा पुढेमागे केला होता, पण एकटी सीटवर कधीच नाही. ती आधीच चढली होती. शकील पायरीवर उभा राहिला, क्लच दाबायला पाय आणि इंजिन बंद करायच्या दट्ट्यावर हात ठेवून. तिला सांगितलं, समोरच्या भिंतीवरचा तो पांढरा चुन्याचा ठिपका बघ, हाताकडे बघू नकोस. पहिला गियर, सगळ्यात हळू. ट्रॅक्टर एक हिसका देऊन निघाला. इंजिन आपल्या लंगड्या ठोक्यात बोलत होतं, आणि पुढची दोन चाकं, नव्या बुशांवर, नव्या पिनांवर, अशी चालली की त्यांच्यामागे मातीत दोन रेघा ओढल्या जाऊ लागल्या, पट्टी ठेवून मारल्यासारख्या. शकील मागे वळून त्या रेघांकडे बघत होता. त्याला वाटलं, आपण आयुष्यात खूप गाड्या दुरुस्त केल्या पण केलेलं काम असं जमिनीवर लिहिलेलं कधी पाहिलं नाही. उडालेल्या रुईचे तुकडे चाकांखाली जात होते. बाजूने हिलाल आप्पा चालत होते, मग थोडे धावत होते, एका हाताने टोपी धरून, आणि त्यांची नजर मुलीच्या मुठींवर होती. शकीलला त्यांचा चेहरा दिसला. त्यावर अविश्वास होता आणि त्याच्याखाली काहीतरी दुसरंच, जवळजवळ आशा, की आपला ट्रॅक्टर खरोखर असा चालू शकतो. पण माणूस इतक्या वर्षांचं काही असं चटकन सोडत नाही. ते धापा टाकत ओरडले,

"तिनी घट्ट धरी ठेयेल शे, मिस्तरी. म्हनीसन सरळ जाई ऱ्हायनी."

तिने घट्ट धरून ठेवलंय म्हणून सरळ जातंय, यावर उत्तर द्यायला शकीलने तोंड उघडलं. पण त्याची काही गरज उरली नव्हती. त्याला आतून कळत होतं, बोटांनी नाही, तळपायांतून, पायरीच्या लोखंडातून वर येत होतं ते, की कुठेही काही मागे राहत नाहीये, सगळं सोबत हलतंय. उद्याही गॅरेज उघडणार होतं. गाडीखाली मातीत झोपायला आता दोघं होते. भिंत अजून लांब होती, चुन्याचा ठिपका बरोबर नाकासमोर. नमिराने ऐकलं होतं. तिने आप्पांकडे पाहिलं नाही, अब्बूकडेही नाही, मान सरळच ठेवली. आणि मग तिने दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले, आणि आप्पांना नीट दिसावेत म्हणून बोटं पसरून डोक्याच्या वर धरले.